मथळ्यांचे नगरपुराण

इतिहासलेखकाने 'जर' आणि 'तर' या दोन शब्दांस आपल्या उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नये, असा एक जुना दंडक आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, या म्हणीने आपल्या वाडवडिलांनीही हाच निकाल अधिक थोडक्यात दिलेला आहे. परंतु वर्तमानपत्राचा मथळा ही वस्तूच अशी विलक्षण आहे की, तिच्यापुढे हा दंडक टिकत नाही. मथळा वाचणारा मनुष्य मजकुरापर्यंत पोचण्याआधीच त्या घटनेचे परिणाम मनात रचून मोकळा होतो, आणि पुष्कळदा मजकुरापर्यंत पोचतच नाही. अशा रीतीने प्रत्येक मथळ्यापासून दोन इतिहास निघतात. एक प्रत्यक्ष घडलेला, व दुसरा चहाच्या पेल्याबरोबर घरोघरी रचला गेलेला. पहिल्याचे संशोधन करणारी मंडळे पुष्कळ आहेत. दुसरा मात्र अगदी निराधार पडला आहे. त्याची थोडीशी विचारपूस करावी, आणि तीही अहमदनगर जिल्ह्यापुरती, एवढाच आमचा हेतू आहे. (या जिल्ह्याचे नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर असे झाले आहे, जुन्या काळासंबंधी लिहिताना आम्ही जुनेच नाव ठेवतो, इतकेच.)

नगरासच आम्ही का धरले, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, मराठी वर्तमानपत्रांच्या वंशावळीत या शहराचे स्थान फार वरचे आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' मुंबईस ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, आणि त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८४२ च्या जून महिन्यात, अमेरिकन मिशनच्या मंडळींनी नगरास 'ज्ञानोदय' सुरू केला. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे पहिले संपादक. पुण्याच्या 'ज्ञानप्रकाशा'चा जन्म १८४९ मधला. म्हणजे या एका बाबतीत तरी पुणेकरांनी नगरकरांस वडीलधाऱ्याचा मान द्यावयास हरकत नाही. पुढे थोड्याच वर्षांत 'ज्ञानोदय' मुंबईस गेला. ज्ञानाचा उदय आपल्याकडे व्हावा आणि माध्यान्ह दुसरीकडे, याची नगरास सवयच आहे. मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ १५४९ साली ओतली गेली नगरास, आणि तिच्यासमोर उभे राहून प्रवासी तोंडात बोट घालतात ते मात्र विजापुरास! असो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'न्यायसिंधु', 'नगर समाचार', 'जगदादर्श' अशी पत्रे नगरातून निघत राहिली, व इंग्रज सरकारचे भाषांतरकार ती आमच्या आजोबा-पणजोबांपेक्षाही अधिक मन लावून वाचीत असत.

या सर्व पत्रांत एक वस्तू मात्र नव्हती. ती म्हणजे आजच्यासारखा रकान्यांमागून रकाने व्यापणारा मथळा. त्या काळचा संपादक बातमीच्या डोक्यावर पागोटे बांधीत नसे, फार तर टोपी ठेवी. तेव्हा ज्या मथळ्यांचे परिणाम आम्ही पाहणार ते मथळे आमचे आम्हीच बसविले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. घटना मात्र खऱ्या आहेत.

आरंभ १८०३ पासून करू. त्या वेळी नगरचा किल्ला दौलतराव शिंद्यांकडे होता. जनरल वेलस्ली याने ८ ऑगस्ट रोजी शिड्या लावून नगरची पेठ घेतली, आणि १२ तारखेस किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. त्याच्या छावणीत गोखले नावाचे एक मराठा सरदार होते. त्यांनी पुण्यास जे लिहिले त्याचा आशय असा की, हे इंग्रज लोक विचित्र आणि त्यांचा सेनापती अजब. सकाळी आले, पेठेची भिंत पाहिली, तिच्यावरून चालत आत गेले, आतले लोक कापून काढले आणि न्याहारीला परत फिरले. आमच्या मते हा मराठी भाषेतील पहिला खरा मथळा होय. तो छापला गेला नाही, हा दोष गोखल्यांचा नसून मुद्रणकलेचा आहे. 'न्याहारीपूर्वी नगर काबीज'! अवघ्या तीन शब्दांत सेनापतीची चपळाई, शत्रूची फजिती आणि पोटाची आठवण, तिन्ही आली.

आता हा मथळा त्या वेळी शिंद्यांच्या मुलुखातील किल्लेदारांच्या हाती पडता तर काय झाले असते? आमची कल्पना अशी की, प्रत्येक किल्ल्यावर तातडीची मसलत बसली असती. इंग्रज न्याहारीपूर्वीच लढतो असे सिद्ध झाल्यावर त्याला न्याहारी लवकर घालण्याची काही तजवीज करावी, असा विचार एखाद्या मुत्सद्द्याने मांडला असता. कोठारातील धान्याचा हिशेब मागविला गेला असता. पहाटे तीन वाजता तटाखाली गरम भाकरी आणि पिठले पोचविण्याचे काम कोणत्या महालाकडे, यावर दोन कारकुनांचा तंटा लागला असता. आणि तो तंटा मिटेपर्यंत इंग्रज आत येऊन बसलेला असता. हे शेवटचे तर कल्पनेवाचूनही झालेच.

परंतु या मथळ्याने एक गोष्ट झाकून ठेविली, ती मौजेची नाही. भिंतीवरून चालत जाणाऱ्यास भिंत कोठे चढावी हे कोणी तरी सांगावे लागते. किल्ल्याच्या पूर्वेच्या बाजूने मारा करावा हा सल्ला भिंगारचे देशमुख रघुराव बाबा यांनी दिला आणि त्याबद्दल त्यांस चार हजार रुपये मिळाले, अशी नोंद सरकारी गॅझेटियरात आहे. चार हजार रुपये हा आकडा मथळ्यात घालून पाहावा, म्हणजे न्याहारीची चव एकदम बदलते. गोखल्यांच्या पत्रातील वाक्य इंग्रजांनी मोठ्या हौसेने आपल्या ग्रंथांतून फिरविले. रघुराव बाबांचे नाव फिरविण्याची हौस ना त्यांना होती, ना आपल्याला.

बातमी त्या काळी जहाजाने जात असे. नगर पडल्याचे वर्तमान विलायतेस पोचावयाला महिन्यांमागून महिने लागले, आणि दरम्यान असईची लढाई होऊन १८०३ च्या डिसेंबराअखेर शिंद्यांशी तहही झाला. म्हणजे लंडनमधील एखाद्या सद्गृहस्थाने नगरच्या वेढ्याची बातमी वाचून आपल्या सेनापतीच्या काळजीने रात्र जागून काढली असेल, तर ती रात्र सर्वस्वी फुकट गेली. शिळ्या बातमीची काळजी ताजीच असते.

आता अशा एका मथळ्याकडे वळतो की, ज्याचे कल्पित परिणाम रचण्याची सोयच नाही; कारण खरे परिणामच कल्पनेच्या पलीकडचे आहेत. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती ली हा शरण गेला. ही बातमी वाचून पारनेर तालुक्यातील एका कुणब्याचे घर लिलावात निघाले, असे कोणी त्या वेळी लिहिले असते तर संपादकाने ते विनोदाच्या सदरात टाकले असते. आणि तरी ते खरे आहे. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद झाला, विलायतेच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या, मुंबईस सोन्याचा पाऊस पडला. पारनेर-श्रीगोंद्याच्या माळावर कापूस असा कितीसा पिकणार? तिकडे ज्वारी-बाजरीचे राज्य. परंतु पैसा सैल झाला की धान्याचे भाव चढतात, आणि भाव चढले की सावकाराचा हातही सैल होतो. त्या चार वर्षांत कुणब्याला जेवढे कर्ज सहज मिळाले तेवढे त्याच्या बापाला जन्मात मिळाले नव्हते. मग ली शरण गेला, कापूस उतरला, १८६५ च्या जुलैत मुंबईच्या शेअरबाजाराचे दिवाळे वाजले, आणि तो सैल हात हळूहळू मिटत आला. वर १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षे केलेली. म्हणून दर तीन वर्षांनी व्याजाचे मुद्दल होऊन नवे खत. कायदा ऋणकोच्या हितासाठी केला होता, हे सांगितल्याशिवाय त्यातील विनोद पुरा होत नाही.

दहा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक मारवाडी-गुजर सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि हे लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरले. इंग्रजी दप्तरात याला नाव पडले 'दख्खनचे दंगे'. हा मथळा वाचून विलायतेच्या वाचकापुढे काय उभे राहिले असेल याचा तर्क करणे कठीण नाही. सत्तावन्न सालाला अजून वीस वर्षे झाली नव्हती. पेटलेल्या छावण्या, पळणाऱ्या मडमा, नंग्या तलवारी. आणि एखाद्या निवृत्त कर्नलसाहेबाने भिंतीवरची बंदूक उतरवून पुसावयास घेतली असेल. प्रत्यक्षात जमाव मागत होता ते कागद. सावकाराने खते पुढे टाकली की बहुधा लोक ती जाळून घरी जात. दिली नाहीत तर मात्र घरास धोका. माणसांच्या जिवास अपाय फारच थोडा झाला. खरा मथळा 'कागद भाजले' असा व्हावयास हवा होता; पण त्यावर कोणी पलटण पाठविली नसती.

आता हाच मथळा कुणब्याच्या बाजूने वाचू. 'खते जळाली, कर्ज फिटले!' मे महिन्याचा मध्य उलटला आहे. मृगास तीन आठवडे राहिले. कर्ज नाही तसे घरात बियाणेही नाही. अशा वेळी एखादा कुणबी अंधार पडल्यावर त्याच सावकाराच्या ओट्याशी आला आहे, अशी कल्पना वाचकांनी करावी. सावकाराने दार किलकिले केले आहे. दोघेही परवाच्या रात्रीविषयी एक अक्षर बोलत नाहीत. पाऊस यंदा लवकर दिसतो, एवढेच बोलतात. शेवटी कुणबी म्हणतो, "शेठजी, बियाण्यापुरते द्या. कागद नको. माझा शब्द घ्या." त्यावर सावकार म्हणतो, "पाटील, कागद जळतो म्हणून तर त्याची किंमत. शब्द जळतही नाही आणि कोर्टात चालतही नाही." हा संवाद आम्ही रचलेला आहे, पण यातली अडचण रचलेली नाही. दंगे शमले, चौकशीचे कमिशन बसले, आणि त्याचा निकाल लागण्याच्या आत १८७६-७७ चा दुष्काळ येऊन उभा राहिला. ज्यांनी खते जाळली त्यांतले किती तरी लोक त्या दुष्काळात धोंड-मनमाड लोहमार्गाचा भराव घालावयास गेले असतील. तो मार्ग १८७८ साली सुरू झाला. पुढे १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशास खताच्या मागे जाऊन मूळ देणेघेणे काय होते हे पाहण्याचा अधिकार मिळाला. आमच्या मते साऱ्या प्रकरणातील समजूतदार मनुष्य तो कायदा लिहिणारा होय. कारण त्याने मथळ्यावर न थांबता मजकूर वाचण्याची सक्ती केली.

कुणब्याच्या बाजूने मथळा लिहिणारा मनुष्य या जिल्ह्यास पुढे मिळाला. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' साप्ताहिक काढले, आणि नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून ते आयुष्यभर, १९६७ पर्यंत, चालविले. वर्तमानपत्र शहरातच निघावे लागते ही समजूत त्यांनी खोटी पाडली. सत्यशोधक मताचा हा संपादक भटशाही, सावकारी आणि कुलकर्ण्यांची लेखणी यांवर कोरडे ओढताना शेतकऱ्याच्या तोंडची भाषा वापरी. अशा पत्राचा एक अंक चावडीवर एकाने वाचावा आणि वीसांनी ऐकावा, तेव्हा मथळा डोळ्यांनी नव्हे तर कानांनी पोचतो. आणि कानाने पोचलेला मथळा वेशीबाहेर पडेपर्यंत किती रूपे घेत असेल याचा हिशेब स्वतः मुकुंदरावांसही ठेवता आला नसता.

यानंतरचा मथळा मौनासंबंधी आहे. नगरजवळ आरणगावच्या हद्दीत, लोहमार्गाच्या कडेला, पहिल्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या पडीक इमारतींत मेहेरबाबांनी आपले ठाणे केले, तेच मेहेराबाद. तेथे त्यांनी शाळा काढली, दवाखाना काढला, आणि १० जुलै १९२५ पासून मौन धरले. अक्षरे लिहिलेल्या फळीवर बोट फिरवून ते आपले म्हणणे सांगत. १९३१ साली ते विलायतेस गेले त्या 'राजपुताना' जहाजावर गोलमेज परिषदेस निघालेले महात्मा गांधीही होते. पुढच्या वर्षी बाबा अमेरिकेस गेले. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्या घरी त्यांचा सत्कार झाला. आणि १३ जुलै १९३२ रोजी हॉलिवूड बाउल या प्रचंड उघड्या नाट्यगृहात ते मौन सोडणार, असे जाहीर झाले. जगभरच्या पत्रांना यापेक्षा गोड मथळा मिळणे शक्य नव्हते. सात वर्षे न बोललेला मनुष्य, आणि तोही सिनेमाच्या राजधानीत, बोलणार! बोलपटही तेव्हा नुकतेच बोलू लागले होते.

हा मथळा खरा ठरता तर काय झाले असते, याची आम्हास नगरच्या बाजूने चिंता वाटते. पहिला प्रश्न भाषेचा. बाबा घरचे इराणी, शिक्षण पुण्यास, शिष्य गुजराती, मराठी, इंग्रजी बोलणारे. पहिला शब्द इंग्रजी उच्चारला गेला असता तर इकडचे स्वभाषाभिमानी रुसले असते. गुजराती उच्चारला असता तर हॉलिवूडच्या मंडळींनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते. आणि मराठी निघाला असता तर तो शुद्ध की अशुद्ध यावर पुण्यास वर्षभर वाद चालला असता. दुसरा प्रश्न तारखात्याचा. नगरच्या तारमास्तराला, ज्याच्या हातून एरव्ही "मामा अत्यवस्थ, लवकर निघा" एवढ्याच मजकुराच्या तारा जात, त्याला एका रात्रीत साऱ्या भूखंडांच्या पृच्छांना उत्तर द्यावे लागले असते. आणि आरणगावचा शेतकरी? त्याला आपला बैल कोणत्या बाजाराला न्यावा हे विचारावयाचे असते. तो म्हणाला असता की, बाबा बोलतात ते बरे झाले, पण आमचे फळीवर चांगले चालले होते.

यातले काहीच झाले नाही. समारंभ रद्द झाला, बाबा अमेरिकेहून होनोलुलुमार्गे चीनला गेले. 'बोलणार' हा मथळा होतो; 'बोलले नाहीत' हा एक दिवस होतो, दुसऱ्या दिवशी होत नाही. बाबांचे मौन ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांच्या देहावसानापर्यंत अखंड राहिले. त्यांच्या अध्यात्माचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही; परंतु चव्वेचाळीस वर्षांच्या आसपास टिकलेल्या या गोष्टीस वर्तमानपत्रांनी जेवढी जागा दिली त्याहून अधिक, न घडलेल्या एका सायंकाळीस दिली, हे मात्र कोणीही फायली उलगडून पाहावे. मेहेराबादेस आजही १० जुलै मौनाने पाळतात.

बोलू नये म्हणून मौन धरणे निराळे आणि बोलू न देणे निराळे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईस काँग्रेसचे पुढारी पकडले गेले. गांधीजींस पुण्यास आगाखान राजवाड्यात ठेविले आणि कार्यकारिणीच्या सभासदांस नगरच्या किल्ल्यात आणिले. हे ठिकाण सरकारने जाहीर केले नाही. मौलाना आझाद अध्यक्ष. जवाहरलाल, वल्लभभाई, पंत, असफअली, कृपलानी, नरेंद्र देव, पट्टाभि, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव, असे बारा जण. आम्ही मथळा बसवितो: 'काँग्रेस कार्यकारिणीची बैठक नगरास, मुक्काम अनिश्चित'.

यात असत्य एकही अक्षर नाही. हा मथळा छापला जाता तर नगर नगरपालिकेची त्रेधा उडाली असती. एवढी मोठी बैठक आपल्या गावी, आणि स्वागतमंडळ नाही! स्वागताध्यक्षपदासाठी निदान पाच अर्ज आले असते. स्टेशनापासून किल्ल्यापर्यंत कमानी, चौघडा, हारतुरे. मानपत्र संस्कृतात की मराठीत यावर पोटसमिती. स्वयंसेवकांच्या बिल्ल्यांचा रंग. बारा पाहुण्यांची पथ्ये लिहून घेण्यासाठी एक निराळा चिटणीस. पाहुणे किती दिवस राहणार याचा अंदाज न आल्यामुळे लाडू किती वळावे हा प्रश्न सर्वांत बिकट ठरला असता. यजमानाने, म्हणजे सरकारने, हा सगळा खर्च स्वतःच्या अंगावर घेऊन नगरकरांची मोठीच सोय केली, असे म्हणावे लागते. बैठक सुमारे अडीच वर्षांवर चालली. एवढी लांबलेली बैठक कार्यकारिणीच्या इतिहासात दुसरी नाही, आणि ठराव एकही झाला नाही.

झाले ते ग्रंथ. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथेच १९४४ च्या एप्रिलपासून पाच महिन्यांत लिहिले. आझादांची 'गुबार-ए-खातिर' मधील पत्रे येथलीच, आणि ती पाठविता येत नाहीत हे ठाऊक असूनच लिहिलेली. फुलझाडांसाठी जमीन खणताना जुन्या भिंतींचे पाये लागत; आझादांनी तर तुरुंगाधिकाऱ्याला चांदबिबीच्या काळच्या चीताखानाचे नाव बहाल केले होते. प्रारंभी या मंडळींस वर्तमानपत्रे दिली जात नव्हती. ज्यांची नावे रोज मथळ्यांत झळकत, त्यांस मथळाच दिसेना, आणि बाहेर मथळ्यास ती नावे छापता येईनात. १९४३ च्या एप्रिलात आझादांची पत्नी कलकत्त्यास वारली. सुटकेची याचना त्यांनी केली नव्हती. शेवटची भेट झाली नाही. कमानी आणि लाडवांची आमची कल्पना येथे थांबते.

शेवटी एक मथळा असा, की जो कोणत्याही पत्रात न छापता शेकडो वर्षे टिकला आहे. शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दुरून दिसते. तिला सारा जिल्हा 'चांदबिबीचा महाल' म्हणतो. वस्तुतः ती मूर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर होय. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांशी झुंज देऊन किल्ला राखला आणि १६०० साली आपल्याच लोकांच्या हातून ती मारली गेली. या इमारतीशी तिचा संबंध नाही. परंतु लोकांस राणी हवी होती आणि डोंगरावर महाल रिकामा होता. वजिराने आयुष्यभर राज्यकारभार केला, आणि त्याच्या थडग्यावर सहली निघतात त्या चांदबिबीच्या नावाने.

सलाबतखानास वर्तमानपत्रे वाचण्याची सोय असती तर त्याने संपादकांस केव्हाच पत्र लिहिले असते. "कृपावंत संपादकसाहेबांस. आपल्या पत्रातून माझ्या निवासस्थानाचा उल्लेख वारंवार चुकीच्या नावाने होत आहे. बेगमसाहेबांविषयी मला परम आदर आहे. परंतु त्या येथे कधीही राहिल्या नाहीत. मी मात्र येथून कोठे गेलेलो नाही. कृपया दुरुस्ती छापावी." आणि संपादकांनी, आमच्या समजुतीप्रमाणे, तितक्याच अदबीने कळविले असते की, पत्र पोचले, मुद्दा विचारार्ह आहे, तथापि येत्या रविवारच्या अंकात 'चांदबिबीच्या महालावरील सहल' हा सचित्र लेख आधीच जुळवून झालेला असल्यामुळे, तूर्त जागेचा नाइलाज आहे.